कारंज्याची बाग

"डोळे मिटा, आजी."

"का? माझे डोळे तुम्हाला कुठे टोचतायत?"

भूल देणारा डॉक्टर हसला. वयानं कोवळा होता, पण आवाज साखरेत घोळवून ठेवलेला. खाटेशेजारच्या स्टुलावर तो नीट सावरून बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. "समजा, तुम्ही समुद्रकाठी आहात. मऊमऊ वाळू आहे. लाटा येतायत, जातायत..."

"येऊ देत की. मी तिथे काय करतेय?"

"काहीच नाही, आजी. नुसत्या पडून आहात."

"दिवसाढवळ्या? वाळूत? मला काय घरदार नाही?"

शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त मुख्याध्यापिका पुस्तकाआड खुसखुसल्या. डॉक्टरनं आणखी दोनदा लाटा आणल्या, एकदा आभाळात पांढरे ढगही सोडून पाहिले. आजीबाईंनी लाटा परत पाठवल्या आणि ढगांना बजावलं, पाऊस पाडणार असाल तर पाडा, उगाच लोंबकळत राहू नका. शेवटी बिचारा उठला आणि दाराशी उभ्या असलेल्या नर्सला म्हणाला, "सिस्टर, घरच्या माणसाचं काम घरच्यानं करू नये हे मलाही कळतं. पण मी हात टेकले. आता तुम्हीच बघा."

ती नर्स म्हणजे बाईंची सून.

बाईंच्या गळ्याला गाठ होती. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, आणि आता अशी की आरशात गळा दिसायच्या आधी तीच दिसे. दिसण्याचं बाईंना काही नव्हतं. या वयात कुणाला भुलवायचं होतं? पण गाठीनं श्वासाच्या नळीवर बैठक मारली होती. आडवं झालं की छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज येई. गाठ काढायलाच हवी होती, आणि काढायची तर पूर्ण भूल हवी. ती द्यायला डॉक्टर धजत नव्हते. बाईंचं हृदय थकलं होतं. सर्जननं मुलाला खोलीत घेऊन सांगितलं, "झोपवू आम्ही सहज. उठतील की नाही, ते मात्र मी सांगू शकत नाही." मुलानं बाहेर येऊन ते जसंच्या तसं आईला सांगितलं.

वाट एकच उरली होती. गळ्यापुरती भूल द्यायची, म्हणजे कातडी बधिर होते. पण आत ओढाताण होते, दाब पडतो, माणूस घाबरतो, आणि घाबरलेलं थकलं हृदय कधी काय करील ते सांगता येत नाही. म्हणून त्या भुलीच्या जोडीला संमोहन. माणूस जागाच असतो, पण बोलून बोलून त्याचं मन दुसरीकडे नेऊन बसवायचं. या दवाखान्यात ते काम दोघंच करत, हा डॉक्टर आणि सून. तिसरं कुणी नव्हतं.

"म्हणजे चेटूक," बाई म्हणाल्या होत्या.

"नाही, आई. नुसतं बोलणं," सून म्हणाली होती.

आणि बाईंना इतकं हसू आलं होतं की धाप लागली. कारण घरात या सुनेला त्या 'मुकी' म्हणत. मुकी आली का, मुकीला म्हणावं चहा टाक, मुकीला विचारून काय उपयोग. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची दोन वाक्यं सलग कुणी ऐकली नव्हती. बाईंचं बरोबर उलटं. नवरा गेला तेव्हा मुलगा कडेवर होता. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात नवऱ्याच्या जागेवर बसल्या आणि वेताच्या खुर्च्या विणू लागल्या. गिऱ्हाइकांनी गरीब विधवा समजून भाव पाडायला पाहिलं, तेव्हा बाईंना आपल्या आवाजाचा शोध लागला. दुकानात बसून त्यांनी हाक मारली की रस्त्याच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबत असे. तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. त्या आवाजावर त्यांनी घर उभं केलं, मुलगा वाढवला, आणि मुलानं आणलेली बायकोही त्याच आवाजाखाली ठेवली.

आणि इथे पहिल्याच दिवशी चादर बदलणारी बाई विचारते, "तुम्ही बोलणाऱ्या सिस्टरच्या सासूबाई ना?"

"कोण बोलणारी?"

"अहो, आमच्या बोलणाऱ्या सिस्टर! त्या बोलायला लागल्या की माणूस हात कापून देईल, कळायचं नाही त्याला."

आपल्या घरात राहणाऱ्या माणसाची ओळख परक्यानं करून द्यावी, यासारखी चपराक नाही.

आता ती बोलणारी स्टुलावर येऊन बसली. तिनं डोळे मिटायला सांगितलं नाही. "आई, तुम्हाला कुठे बरं वाटतं?" एवढंच विचारलं. "मन कुठे निवांत असतं तुमचं?"

बाईंच्या तोंडात उत्तर आलं होतं. पण तेवढ्यात शेजारच्या मुख्याध्यापिका पुस्तक खाली ठेवून म्हणाल्या, "मला विचारलं होतं तेव्हा मी डोंगरावरचं आमचं उन्हाळी घर सांगितलं बाई. काय धुकं असतं तिथे!"

झालं. उन्हाळी घर आणि धुकं समोर ठेवल्यावर बाई काय मागे राहणार?

"मला बागेत," बाई म्हणाल्या.

"कुठल्या?"

"मोठ्या. कारंज्याच्या."

जन्मात बाई कारंज्याच्या बागेत गेल्या नव्हत्या, हे सुनेला काय ठाऊक नव्हतं? पण मुख्याध्यापिका कान देऊन होत्या, आणि सासूची लबाडी परक्यासमोर उघडी करणारी ती नव्हती. "बरं, बाग," ती म्हणाली. "आणि उद्या आत काही सोसेनासं वाटलं तर उजव्या हाताचं पहिलं बोट उचलायचं. बोट उचललं की सगळे थांबतील."

"मला बोट-बिट उचलावं लागत नाही," बाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी आत नेताना बाईंना पहिल्यांदा जाणवली ती शांतता. आदल्या दिवशी हाच सर्जन मधल्या वाटेत कुणावर तरी असा खेकसत होता की बाईंना त्याच्याबद्दल आपुलकी वाटली होती. आता तो मांजराच्या पावलांनी फिरत होता. हत्यारं कापडावर ठेवली जात होती, खणखणत नव्हती. दार लोटलं तेही अंगावर पांघरूण घालावं तसं. टेबलाची उशाकडची बाजू उचललेली होती, म्हणजे श्वास अडू नये. आत आलेल्या एका नवख्या मदतनिसानं "आता जरा टोचेल हं" म्हणायला तोंड उघडलं, तोच सुनेनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नुसतं पाहिलं. त्याचा अर्धा शब्द घशातच राहिला.

बाई टेबलावरून हे सगळं बघत होत्या. हिच्या एका नजरेत एवढी शिकलेली माणसं गप्प? आपल्याला इतकी वर्षं ओरडावं लागलं, ते काय म्हणून?

मग सून त्यांच्या कानाशी बसली आणि बोलू लागली.

तो आवाज बाईंनी ऐकलाच नव्हता कधी. घरातला दबका आवाज नव्हता तो. रुंद होता, सावकाश होता, घाई नसलेल्या नदीसारखा. तो हिरवळीवरून गेला, फुलांच्या ताटव्यांना वळसा घालून कारंज्यापाशी आला. पाण्याचे तुषार उडत होते. बाईंनी तुषार पाहायचा प्रयत्न केला. दिसला तो घरचा गळका नळ. बाकावर बसायचा प्रयत्न केला. बाकाचा एक पाय हलत होता. ही बाग कुणाची, आपण इथे का आलो, राखणदार हाकलून देईल का, हेच मनात.

"हात हलका होतोय. आपोआप वर तरंगतोय," आवाज म्हणाला.

बाईंनी हात उचलला. चटकन, शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा.

तिथेच सुनेला कळलं. खरी तंद्री लागलेला माणूस इतका आज्ञाधारक नसतो. त्याचा हात रेंगाळत, कंप पावत उठतो. पण सर्जननं तोवर काम सुरू केलं होतं. कातडी बधिर होती. पुढचं मात्र बधिर नव्हतं. कुणीतरी गळ्यात हात घालून आतलं गाठोडं ओढतंय असं बाईंना वाटलं आणि अंगभर काटा आला. बोट उचलायचं होतं. उचललं नाही. चारचौघांत सुनेचं नाक कापलं जाईल, बोलणाऱ्या सिस्टरला स्वतःची सासू साधली नाही म्हणतील. छे! बाईंनी दात आवळले, चेहऱ्यावर झोपेतलं हसू आणलं आणि कारंज्याकडे बघत असल्याचं सोंग घेतलं. सोंग नामी होतं. फक्त चादरीखाली पायाची बोटं मुडपून गोळा झाली होती, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"नाडी चढतेय," भूल देणारा डॉक्टर हळूच म्हणाला.

सर्जनचे हात थांबले. "सिस्टर, हे असंच राहिलं तर मला पूर्ण भूल द्यायला सांगावं लागेल."

पूर्ण भूल म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही.

सून वाकली. तिचे ओठ बाईंच्या कानाला लागले. "आई, तुम्ही बागेत नाही आहात."

"गप्प," बाई ओठ न हलवता पुटपुटल्या. "तुझे साहेब ऐकतील."

"ऐकू देत."

"तुझी शोभा होईल गं."

"होऊ दे माझी शोभा. मला तुम्ही घरी परत हव्या आहात."

मुकीनं सासूला उलट उत्तर दिलं होतं. तेही लागोपाठ. बाईंनी डोळे उघडले. वर दिव्यांचा मोठा पंजा होता आणि त्याच्या कडेला सुनेचा चेहरा, नाकावर पट्टी, वर दोनच डोळे. त्या डोळ्यांत भीती होती, पण ती मागे, पाहुण्यासारखी बसलेली. पुढे होतं ते काम.

"बाग राहू दे," सून म्हणाली, आणि आवाज पुन्हा रुंद झाला. "दुकान उघडा, आई. खुर्ची आलीय. सागाची, गोल पाठीची. बैठक पार फाटलीय. जुनी साल कापून काढलीय. भोकं साफ केलीत. वेत पाण्यात भिजत पडलाय. हात घाला पाण्यात."

बाईंनी हात घातला.

पाणी गार होतं. वेताची साल बोटांना सापडली, भिजून मऊ झालेली, मासोळीसारखी निसटती. दुकानाच्या दारातून ऊन येऊन बरोबर गुडघ्यावर पडलं होतं. कुणी परकं नव्हतं. ही जागा आपली होती, इथून कुणी ऊठ म्हणणार नव्हतं.

"पहिले उभे धागे," आवाज म्हणाला. "मागच्या पट्टीतून घ्या, पुढच्यात घाला. खुंटी ठोका. ओढा. जरा ओढ लागतेय ना? लागणारच. ओढ लागल्याशिवाय बैठक कशी ताठ होईल?"

गळ्यात ओढ लागली. लागणारच. बैठक ताठ व्हायला हवी होती.

पायाची बोटं एकेक करून सुटली. नाडीचा आकडा खाली येऊ लागला. सर्जननं सुनेकडे पाहिलं, तिनं पापणी मिटून होकार दिला, आणि हात पुन्हा चालू झाले. उभे धागे झाले, आडवे झाले. मधेच भाजल्याचा वास सुटला. रक्त थांबवायला आत चटका द्यावा लागतो, त्याचा. या वासाला भलेभले दचकून जागे होतात. पण वास पुरता पसरायच्या आत सून म्हणत होती, "सालीचे केस निघालेत, आई. ज्योत फिरवताय तुम्ही. बेतानं. केस जळतात, साल नाही जळत."

बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ज्योत फिरवणं हे काम त्यांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं.

मग आली ती अवघड जागा. गाठीच्या मागून आवाजाची नस जाते, धाग्यासारखी. ती सांभाळायची तर रोग्याला बोलतं ठेवावं लागतं. "सिस्टर, बोलू दे त्यांना," सर्जन म्हणाला. तंद्रीतल्या माणसाला बोलतं करणं सोपं नसतं. बोल म्हटलं तर तो हुंकारसुद्धा देत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरला वाटलं, सिस्टर आता नाव-गाव विचारील.

सुनेनं विचारलं नाही काही. ती म्हणाली, "आई, तिरका धागा मी घालू का? हा बघा, घातला. साल उलटी पडली वाटतं."

"चकचकीत बाजू वर!" बाई कडाडल्या. गळा उघडा असलेली बाई, पण आवाज असा की मदतनिसाच्या हातातला कापूस पडला. "डोळे आहेत का भोकं? काढ तो! नि पीळ देऊ नकोस, पीळ दिला की सहा महिन्यांत तुटतो. सासरे नाहीत तुला शिकवायला, मी शिकवतेय तर नीट बघ. उभ्याच्या खालून, आडव्याच्या वरून. खालून, वरून. मठ्ठ!"

"आवाज उत्तम," सर्जन पुटपुटला. पट्टीआड त्याचं हसू लपत नव्हतं.

सून चुकत राहिली. खालून घालायचा तो वरून घातला, खुंटी ठोकायची विसरली, भोक सोडून दिलं. इतक्या चुका एका बैठकीत वेडासुद्धा करणार नाही. आणि बाई तिला फैलावर घेत राहिल्या, मन लावून, सविस्तर. त्या आवाजाचा माग धरून सर्जनची सुरी नसेच्या कडेकडेनं सरकत राहिली. एकदाच, अगदी शेवटी, "वरून घे" म्हणताना 'घे' फुटला आणि आवाज फाटक्या कापडासारखा खाली आला. सर्जन जागीच थांबला, काहीतरी सैल केलं, वाट पाहिली. आवाज आला, पण पूर्वीचा नव्हता. सुनेनं ऐकलं. तिचा स्वतःचा आवाज मात्र जराही हलला नाही. "आता कड बांधू, आई," ती म्हणाली. "कड बांधली की झालं."

गाठ ताटात पडली तेव्हा बाई कड बांधत होत्या.

बाहेर आणल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर, "खुर्ची कुणाची होती ती?" शब्द होते, पण त्यांना अंग नव्हतं. नुसता वारा.

"माहीत नाही. मालक येईल न्यायला," सून म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली, आणि तिचे खांदे हलत राहिले. इतका वेळ कामाच्या मागे बसवून ठेवलेली भीती आता पुढे आली होती. बाईंनी तिला रडू दिलं. हाक मारून तिला थांबवायला आवाज नव्हता, हे एका परीनं बरंच झालं.

थोड्या वेळानं त्यांनी तिचा हात ओढला. "ज्योत फिरवतात हे तुला कुणी सांगितलं?"

"पाहिलंय."

"कधी?"

"चहा घेऊन यायची मी दुकानात. कप रिकामा होईपर्यंत दारात उभी राहायची."

बाईंना ती दारातली सावली आठवली. ऊन अडवते म्हणून त्या तिला सरक म्हणत. इतकी वर्षं चहा गार करून प्यायची आपली सवय, आणि इतकी वर्षं ही उभी. एका शब्दानं न विचारता सगळी कला डोळ्यांनी उचलून घेतली, आणि वेळ आली तेव्हा सासूच्या हातात परत ठेवली, तीही सासूचाच मान राखून. बाईंनी पुष्कळ कारागीर पाहिले होते. असा हात पाहिला नव्हता. हे त्यांना सांगायचं होतं. "गार चहा पुरे आता," एवढंच त्या म्हणाल्या. सुनेला काय कळलं ते तिला ठाऊक, पण तिनं मान हलवली.

आवाज परतला नाही. सर्जन म्हणाला, एक नस दुखावलीय, सावरेल किंवा सावरणार नाही. बाईंनी ऐकून घेतलं. श्वास मोकळा होता, आडवं पडून झोप लागत होती, जीव होता. पण कोपऱ्यावरचा सायकलवाला आता ब्रेक न दाबता निघून जाई. काही सांगायचं झालं तर बाईंना उठून माणसाच्या जवळ जावं लागे. मुलगा म्हणाला, घर कसं ओकंओकं वाटतं. बाईंनी त्याला मारायला वेताची छडी उगारली, तेवढं मात्र जमलं.

पुन्हा गळा दाखवायला बोलावलं तेव्हा बाई एकट्याच दवाखान्यात आल्या. ऑपरेशनच्या खोलीबाहेर लांबलचक बाकं होती. दारावर लाल दिवा लागलेला होता. दाराला लागूनच्या बाकावर बाई टेकल्या आणि त्यांना दारापलीकडून तो आवाज आला. शब्द कळत नव्हते. नुसती त्याची चाल कळत होती, रुंद, बिनघाईची. कुणाला तरी धरून ती कुठेतरी घेऊन चालली होती.

बाहेर मात्र बाजार भरला होता. एक जाडा गृहस्थ फोनवर कुणाला तरी झापत होता. दोन बायका खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर एकमेकींची घराणी काढत होत्या. कुणी डबा आपटला. कुणी लांबून कुणाला हाक मारली.

बाईंनी तोंड उघडलं. एकेकाळी एक हाक पुरली असती. आली ती नुसती हवा.

त्या उठल्या. त्या जाड्या गृहस्थासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडे पाहिलं. तो बोलत राहिला. बाई पाहत राहिल्या. त्याचं एक वाक्य अडखळलं, दुसरं अर्धवट राहिलं, मग त्यानं फोन खाली केला. "काय झालं, आजी?" बाईंनी दाराकडे हात केला. मग त्या खिडकीपाशी गेल्या. खिडकी अर्धी लोटली, दोन्ही बायकांमध्ये उभ्या राहिल्या, दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. त्या बसल्या. डबेवाल्यानं डबा मांडीवर घेतला. एकेक करत बाहेरचा सगळा गलका निवत गेला. वरचा पंखा ऐकू येऊ लागला आणि पंख्याखालून, दारापलीकडचा तो आवाज.

एका बाईनं सरकून जागा केली आणि हळूच विचारलं, "बसा ना, आजी. आत तुमचं कोण आहे?"

"सून," बाई म्हणाल्या. ऐकायला त्या बाईला वाकावं लागलं.

"अगं बाई! काय झालंय तिला?"

"तिला काय होतंय? काम करतेय ती."

दिवा लालच होता. बाई बसल्या नाहीत. दाराला पाठ लावून, सगळ्या बाकांकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या. नुकत्याच भरून आलेल्या गळ्यावर जखमेची बारीक रेघ होती. ती झाकायला त्यांनी काही घेतलं नव्हतं.